आधी हाक पोचू द्या : मोबाईलवरील संभाषण व आपले कर्तव्य

राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात करणाऱ्या कर्जत तालुक्यातील शेतकऱ्यास एक गोष्ट कोणी शिकवावयास नको. कालव्याच्या मुखाशी पाणी किती सोडले, एवढ्यावर टोकाच्या खाचराची तहान भागत नाही. वाटेत किती मुरले, कोठे फुटले, आणि कोणाची पाळी कोणी मारली, ह्यावर ती अवलंबून असते. मोबाईल फोनवरील संभाषणाची गोष्टही हीच आहे असे आमचे मत आहे. मनोऱ्यावरून लहरी सुटतात हे खरे; परंतु डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या टोकाच्या घरापर्यंत त्यांतून काय पोचते, आणि जे पोचते त्यातले आपल्याच अजाणतेपणाने किती वाया जाते, ह्याचा विचार आपण फारसा करीत नाही. आपण दोनच गोष्टी करितो. फोन हातात धरून मोठ्याने ओरडतो, किंवा कंपनीस शिव्या देतो. पहिलीचा उपयोग मुळीच नाही व दुसरीचा अत्यल्प आहे.

हा विषय चैनीचा आहे असे काही वडीलधारी मंडळी म्हणतात. नातवाचे तोंड पडद्यावर पाहिले नाही म्हणून भात पिकावयाचे थांबत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. तो आम्हांस मान्य नाही. गाय अडली असता १९६२ ह्या क्रमांकावर पशुवैद्यकीय फिरते पथक बोलवावयाचे असते. बाळंतीण अडली तर १०८. आग, अपघात वा दरड ह्यांसाठी ११२. पिकाविषयी विचारावयाचे तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक २००४ सालापासून आहे. सन २०२१ पासून ई-पीक पाहणीची नोंदही शेतात उभे राहून मोबाईलवरच करावी लागते. शेतीची इतकी कामे ज्या एका वस्तूवर येऊन ठेपली, ती धड चालते की नाही हे पाहणे म्हणजे चैन नव्हे. नांगराचा फाळ तपासण्यासारखेच ते काम आहे.

आणि खालापूर तालुक्यात राहणाऱ्यांस तर ह्याहून अधिक सांगावयास नको. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदतीस गेलेली माणसे पावसात पायवाटेने वर चढली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसांचा शोध लागला नाही. चांगला फोन असता तर दरड थांबली असती असे म्हणण्याइतके आम्ही अविवेकी नाही. परंतु अशा वाड्या आपल्या दोन्ही तालुक्यांत आजही आहेत. आणि जेथे रस्ता पोचत नाही तेथे निदान हाक तरी पोचली पाहिजे, हे मागणे कोणी जास्तीचे म्हणू नये.

आता टोकापर्यंत हाक का पोचत नाही ते पाहू. आपला मुलूख म्हणजे डोंगरांनी केलेल्या खोल परड्या आहेत. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, पश्चिमेस माथेरानचा डोंगर, मध्ये उल्हासचे खोरे. दक्षिणेस पाताळगंगेचे खोरे आणि त्यावर प्रबळगड-इर्शाळगडाची रांग. बोलण्यासाठी ज्या लहरी वापरतात त्या प्रकाशाच्याच जातीच्या असल्यामुळे डोंगराआड त्यांची सावली पडते. त्यातही लहर जितकी आखूड तितकी सावली गडद. ९०० मेगाहर्ट्‌झची लहर सुमारे ३३ सेंटिमीटर लांब असते, २३०० ची १३ सेंटिमीटर, आणि ५जी साठी बहुधा वापरली जाणारी ३५०० च्या आसपासची अवघी साडेआठ. लांब लहर कड्याच्या धारेवरून थोडी वाकून खाली उतरते, भिंतीतून व ओल्या झाडोऱ्यातूनही अधिक पार होते. आखूड लहर भराभर पुष्कळ मजकूर वाहते, पण अडथळ्यापुढे लौकर थकते. म्हणूनच जाहिरातीत ५जी कितीही गाजो, डोंगराच्या पायथ्याशी कामास येते ती बहुधा ७०० ते ९०० च्या पट्ट्यातील जुनी, लांब लहरच.

दुसरे कारण इतिहासाचे आहे. आपल्या भागातून मोठ्या वाटा जातात, पण त्या आपल्यासाठी काढलेल्या नसतात. बोरघाटातील आगगाडी १८६३ साली सुरू झाली ती मुंबई-पुण्यासाठी. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली चालू झाले व त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांस गेली. १९२२ साली भिवपुरीचेही तसेच. त्या तारा ज्या वाड्यांवरून गेल्या त्यांतील कित्येकांच्या घरात पुढे पुष्कळ वर्षे चिमणीच जळत होती. मात्र भिवपुरीचे यंत्र फिरवून सुटलेले पाणी पेज नदीत आले, आणि ते राजनाल्याने आपल्या खाचरांत फिरवून घेतले गेले, तेव्हा त्याचा लाभ आपणांस झाला. आज दूरसंचाराचे मनोरे असेच महामार्गाला, लोहमार्गाला व शहरांना चिकटून उभे राहतात, कारण गिऱ्हाईक तेथे आहे. हा व्यवहार आहे व व्यवहारावर रुसून काही होत नाही. पाणी जसे वळवून घ्यावे लागले, तसे हेही वळवून घ्यावे लागेल. पण त्याआधी आपल्या हद्दीतील पाट आपण साफ ठेवला पाहिजे.

वाचकांनी एक अनुभव आठवावा. पलीकडचा माणूस आपणांस स्वच्छ ऐकू येतो, आणि तो मात्र 'आवाज येत नाही, आवाज येत नाही' म्हणत राहतो. पुष्कळांस वाटते की दोष त्याच्या फोनात आहे. बहुधा तो आपल्या बाजूचा असतो. मनोरा काही दहा वॅट शक्तीने बोलतो. आपला फोन फार तर वॅटच्या पाचव्या हिश्श्याने. म्हणजे पाटलाने चावडीवरून दवंडी पिटावी आणि आपण घरातून कुजबुजत उत्तर द्यावे, असा हा प्रकार आहे. दवंडी आपणांस ऐकू येते, कुजबूज चावडीपर्यंत जात नाही. सबब जे काही सुधारावयाचे ते मुख्यतः आपल्याकडून जाणाऱ्या आवाजासाठी सुधारावयाचे आहे. अशा वेळी फोन पूर्ण शक्तीने धडपडत असतो. म्हणून रेंज नसलेल्या जागी बॅटरीही लौकर उतरते. बॅटरी अकारण उतरू लागली तर ती जागा बोलावयास वाईट, एवढे त्यावरून समजावे.

ह्यावर उपाय साधे आहेत. पत्र्याचे छप्पर लहरी परतवून लावते. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा सिमेंटच्या स्लॅबखाली आतल्या खोलीत बसून बोलू नये, खळ्यावर अथवा ओटीवर यावे. मनोरा कोणत्या दिशेस आहे ते प्रत्येकाने एकदा पाहून ठेवावे आणि त्या बाजूच्या खिडकीशी किंवा माडीवर जावे. दहापंधरा पावले सरकल्याने जो फरक पडतो तो नवा फोन घेतल्यानेही पडत नाही. फोन मुठीत आवळून धरू नये, कारण त्याचे स्पर्शक कडांना असतात व आपला हात त्यांस झाकतो. इअरफोन लावून फोन उंच फळीवर ठेविला तर दोन्ही कामे साधतात. फोनच्या खालच्या कडेस ध्वनिग्राहकाचे बारीक छिद्र असते. चिखल, पीठ वा पेंढ्याचा भुसा त्यात बसला की मोठा आवाजही घोगरा जातो. मऊ कोरड्या ब्रशाने ते साफ करावे. सुई मात्र घालू नये. वाऱ्यात बोलावयाचे तर वाऱ्याकडे पाठ करावी.

रेंजच्या काठ्यांवर भरवसा ठेवू नये. किती शक्तीला किती काठ्या दाखवावयाच्या, हे प्रत्येक फोन बनविणारा आपल्या मर्जीने ठरवितो. खरे माप फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या स्थितीखाली 'डीबीएम' ह्या परिमाणात दिलेले असते. आकडा उणे असतो. ४जी वर उणे ९० च्या आसपास असल्यास उत्तम, उणे ११० म्हणजे कठीण, आणि उणे १२० च्या पुढे आशाच सोडावी. ह्या मापात ३ चा फरक म्हणजे शक्ती दुप्पट किंवा निम्मी, आणि १० चा फरक म्हणजे दहापट. घरात उणे ११५ व अंगणात उणे १०५ आढळले, तर अंगणात दहापट शक्ती मिळाली असे समजावे. हे माप घ्यावयास खर्च काहीच नाही, म्हणून प्रत्येकाने आपल्या घराचे व शेताचे ते एकदा घ्यावे.

ह्यापुढची गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची असून तीच फार थोड्यांस ठाऊक आहे. साधा फोन लावणे आणि व्हॉट्सॲपसारख्या ॲपवरून फोन लावणे, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सन २०१६ पासून आपल्याकडे फैलावलेल्या 'व्होल्टे' पद्धतीत साधा कॉलही ४जी च्याच वाटेने जातो. पण त्याच्यासाठी वाट राखून ठेविलेली असते. धरणात आधी पिण्याचे पाणी राखून मग सिंचनाच्या पाळ्या ठरवितात, त्यातला हा प्रकार. ॲपवरील कॉलास असे राखीव पाणी नाही. सिनेमे, गाणी व इतर सर्व गर्दीबरोबर त्याला पाळी धरून उभे राहावे लागते. रात्री आठ ते दहाच्या दरम्यान सारा गाव पडदा उघडून बसला की ॲपवरचे बोलणे तुटू लागते ते ह्यामुळे. म्हणून आमचा आग्रह असा की, फोनच्या सेटिंगमध्ये व्होल्टे चालू आहे ना हे आधी पाहावे, आणि महत्त्वाचे बोलणे नेहमी साध्या क्रमांकावर करावे. जेथे ५जी ची रेंज येते-जाते अशी डळमळीत आहे, तेथे ४जी निवडून ठेवणे बहुधा अधिक सुखाचे होते.

आवाज आणि चित्र ह्यांच्या खर्चाची तुलनाही लक्षात ठेवावी. चांगल्या आवाजास सेकंदाला २४ किलोबिट पुरतात. साध्या व्हिडिओ कॉलास ५०० किंवा त्याहून अधिक लागतात, म्हणजे वीसपट. टोकाच्या शेतास जेमतेम धार येत असता तीवर वीस वाफे भिजविण्याचा हट्ट धरला तर एकही भिजत नाही. बोलणे तुटू लागताच प्रथम आपला कॅमेरा बंद करावा. समोरचे चित्र दिसत राहील, आणि आपली जी दुर्बळ बाजू, म्हणजे इकडून जाणारा मजकूर, ती मोकळी होईल. ॲपमध्ये 'कॉलसाठी कमी डेटा वापरा' अशी सोय असते, ती चालू ठेवावी.

आवाज दर सेकंदाला सुमारे ५० लहान पुडक्यांत बांधून पाठविला जातो. एखादे पुडके हरवले तर पुन्हा मागविण्यास सवड नसते. ते येईपर्यंत वाक्य पुढे गेलेले असते. फोटोचे तसे नाही. त्याचे हरवलेले पुडके दहा वेळा मागविता येते, आणि उशिरा का होईना, तो अखंड पोचतो. ह्यावरून शेतकऱ्याने एक युक्ती घ्यावी. भातावर करपा आहे की तुडतुडे, हे कर्जतच्या संशोधन केंद्रातील किंवा ओळखीच्या तज्ज्ञास दाखवावयाचे असेल, तर शेतातून थरथरते व्हिडिओ दर्शन घडविण्याच्या भरीस पडू नये. पानाचे, खोडाच्या बुंध्याचे आणि सबंध खाचराचे असे तीन स्वच्छ फोटो काढावे, ते पाठवावे, आणि मग साध्या कॉलवर बोलावे. तज्ज्ञास फोटो मोठा करून पाहता येतो व आपणांस त्याचे म्हणणे नीट ऐकू येते.

बोलण्याची रीतही बदलली पाहिजे. आवाज एका बाजूने पोचण्यास सेकंदाच्या सातव्या हिश्श्याहून अधिक वेळ लागू लागला की दोघे एकमेकांच्या बोलण्यात बोलू लागतात, व भांडण नसता भांडल्यासारखे होते. परदेशी मुलाशी बोलणाऱ्या आईबापांस हा अनुभव आहेच. एकाने वाक्य पुरे करावे, क्षणभर थांबावे, मग दुसऱ्याने बोलावे. संकटात तर आधी ठिकाण सांगावे, मग काय झाले ते, मग आपले नाव; कॉल तुटलाच तर ठिकाण तरी पोचलेले असेल.

जेथे लहर पोचतच नाही पण केबलचे इंटरनेट आले आहे, तेथे 'वायफाय कॉलिंग' ही सोय आहे. २०१९ च्या अखेरीपासून आपल्या देशात ती मिळू लागली. साधा क्रमांक, साधा कॉल, परंतु वाट मनोऱ्याची न धरता घरच्या वायफायची. आमच्या मते खोऱ्यातील वाड्यांस आज सर्वांत स्वस्त तोडगा हाच आहे. ग्रामपंचायतीपर्यंत काचतंतू नेण्याची भारतनेटची योजना २०११ साली मंजूर झाली. ज्या पंचायतीत ती तार येऊन जिवंत आहे, तेथे शाळा, दवाखाना व सोसायटीची कचेरी ह्या तीन जागी वायफाय ठेवून सर्वांस तेथून बोलता येईल अशी व्यवस्था पंचायतीने करावी. जेथे तार येऊन मेली आहे, तेथे ती का मेली हे ग्रामसभेने विचारावे.

आता दोन धोक्यांची सूचना. बाजारात रेंज वाढविणारे 'बूस्टर' विकतात. कंपनीच्या व सरकारच्या परवानगीवाचून ते बसविणे बेकायदा आहे, आणि त्यामागचे कारणही योग्य आहे. असे हलके यंत्र सगळ्या पट्ट्यावर गोंगाट करून मनोऱ्याचे कान किटवते, आणि आपले एक घर बोलके होऊन शेजारची वीस मुकी होतात. रात्री चोरून कालव्याचे दार उघडण्यासारखेच हे कृत्य आहे. दुसरा धोका जमीनधारकांस आहे. 'तुमच्या जागेत मनोरा उभारून भरघोस भाडे देतो, आधी अनामत भरा' असे पत्र वा फोन आल्यास तो फसवणुकीचा समजावा. खरी कंपनी जागामालकाकडून पैसे मागत नाही, आणि अशा कामास दूरसंचार नियामक प्राधिकरण कोणतेही प्रमाणपत्र देत नाही. उलट खरोखरच मनोऱ्यासाठी जागेची विचारणा झाली, तर केवळ किरणांच्या भीतीने गावाने ती मोडू नये. आपल्या देशात १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांश मर्यादा लागू आहे.

इतके केल्यावर आपण हक्काने मागावयास मोकळे होतो. प्राधिकरणाचा दंडक असा की, शंभरांत दोनांहून अधिक कॉल मध्येच तुटू नयेत. तुटलेल्या कॉलामागे एक रुपया भरपाईचा नियम २०१५ साली केला गेला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केला. आमची तक्रार रुपयाची नाही. मोजण्याच्या पद्धतीची आहे. जो कॉल लागला व तुटला तोच ह्या दंडकात मोजला जातो; जो लागलाच नाही त्याची तेथे गणना नाही. म्हणजे ज्या वाडीत रेंजच नाही, तेथे एकही कॉल तुटत नाही, आणि कागदावर ती निर्दोष ठरते. टोकाच्या खाचरात पाणीच पोचले नाही, सबब तेथे गळतीही नाही, असे म्हणण्यासारखे हे आहे.

तथापि दोन चांगले दरवाजेही उघडले आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी प्रत्येक कंपनीस आपली रेंज कोठवर आहे ह्याचा नकाशा प्रसिद्ध करणे भाग पाडले आहे. आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारी निधीतून उभारलेल्या ४जी मनोऱ्यांवर निरनिराळ्या कंपन्यांच्या ग्राहकांस बोलता यावे, अशी सोय सुरू झाली. एका विहिरीवर तीन मोटा चालू शकतात हे ह्यावरून सिद्ध झाले. मग आमचे म्हणणे असे की, डोंगराच्या पायथ्याच्या ज्या वाडीत एकाच कंपनीचा मनोरा पोचतो, तेथे तो सर्वांस खुला असावा. निदान पावसाळ्याच्या चार महिन्यांत तरी असावा.

परंतु मागणे पुराव्यासह पाहिजे. म्हणून आपल्या संस्थेच्या सभासदांस आमची विनंती आहे की, प्रत्येक गावातील दोघांनी एक वही घालावी. घर, शेत, शाळा व देवळाची जागा, सकाळ व रात्र, कंपनी, डीबीएमचा आकडा, आणि कॉल लागला की नाही, एवढेच रकाने असावेत. एक महिना ही नोंद ठेवावी. मग ती कंपनीच्या नकाशाशी ताडून पाहावी. नकाशात रंग आहे व वहीत रेंज नाही अशी जी ठिकाणे निघतील, त्यांची यादी ग्रामसभेच्या ठरावासह कंपनीस द्यावी, तक्रारीचा क्रमांक घ्यावा, आणि उत्तर न आल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे व दूरसंचार विभागाकडे जावे. एकट्याची ओरड वाऱ्यावर जाते. चाळीस गावांची वही टाळता येत नाही.

पाण्याच्या बाबतीत आपण हे शिकलो आहो. मुखाशी बसून कोणी पाणी मोजले म्हणून आपण कधी समाधान मानले नाही; टोकाच्या बांधावर उभे राहून मोजा, असेच म्हटले. फोनच्या बाबतीतही तेच म्हणावयाचे आहे. पेरणीआधी जसे बांध-पाट पाहतो, तसे ह्या पावसाळ्याच्या आत प्रत्येकाने आपल्या घरातील बोलण्याची जागा शोधून ठेवावी, व्होल्टे व वायफाय कॉलिंग चालू करून ठेवावे, आणि घरातल्या म्हाताऱ्यांस व मुलांस ११२ लावावयास शिकवावे. चित्र मागाहून येईल. आधी हाक पोचली पाहिजे. आणि ती शेवटच्या वाडीतूनही पोचली पाहिजे.